दोन पॉइंटनी हरायचं

माझ्यासारखा हरणारा माणूस तुम्ही जन्मात बघितला नसेल. सव्वीस वर्षं झाली, रोज सकाळ-संध्याकाळ हरतोय आणि हरण्याचाच पगार खातोय.

क्लबात मी मार्कर. मार्कर म्हणजे काय ते आधी सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल भिंतीवर रेघा ओढतो. बॅडमिंटनच्या हॉलमध्ये सभासदाला जोडीदार मिळाला नाही की समोर उभा राहतो तो मार्कर. शिवाय नेट बांधायचं, लाकडी जमीन ओल्या फडक्याने पुसायची, रॅकेटची गट, म्हणजे जाळीची तार, तुटली की नवी ओढून द्यायची, मॅच असली की उंच खुर्चीवर बसून स्कोअर ओरडायचा. ही सगळी वरकामं. मुख्य काम हरणं.

हसू नका. हरणं म्हणजे पोरखेळ नाही. एकवीस-पाच कोणीही गाढव हरेल. तसं हरलात तर साहेब म्हणतात, "काय मार्कर, उपाशी आलास का?" आणि तोंड पाडून घरी जातात. जिंकलात तर मग बघायलाच नको. साहेब काही बोलत नाहीत, पण दुसऱ्या दिवशी सेक्रेटरी बोलावून विचारतात, "हल्ली तुझी वागणूक कशी आहे?" हरायचं ते एकवीस-एकोणीस. दोन पॉइंटनी. घामाने निथळत. साहेबांना रात्री झोपताना वाटलं पाहिजे, की आज जरा लक्ष हललं असतं तर गेली होती मॅच.

शेवटचा पॉइंट देण्यासाठी मी एक खास फटका बनवलाय. त्याला मी सलामी म्हणतो. शटल जीव तोडून उचलल्यासारखं उचलायचं, आणि ते बरोब्बर साहेबांच्या उजव्या खांद्याच्या वर, फुग्यासारखं, सावकाश गेलं पाहिजे. आंधळ्यानेही हाणावं असं. आणि तोंडाने "अरेरे!" म्हणायचं. आधी नाही, नंतर नाही, शटल रॅकेटवरून सुटतानाच. एक क्षण इकडे-तिकडे झालं की नाटक उघडं पडतं. पहिली दोन वर्षं मी नुसता "अरेरे"चा रियाज केला होता.

मजा सांगू? आमच्या क्लबात एक डॉक्टर आहेत आणि एक बिल्डर आहेत. दोघांचं एकमेकांशी पटत नाही, समोरासमोर कधी खेळले नाहीत. डॉक्टर मला एकवीस-एकोणीस हरवतात, बिल्डर मला एकवीस-एकोणीस हरवतात. डॉक्टरांना मी हळूच सांगतो, "साहेब, बिल्डरसाहेबांना माझ्याशी फार जड गेलं हो." बिल्डरांना सांगतो, "डॉक्टरसाहेब दमतात हल्ली." अठरा वर्षं दोघंही स्वतःला क्लबाचा चॅम्पियन समजतायत. दोघांनी पोटं वाढवली, चष्मे बदलले, एकाने गुडघा बदलला. चॅम्पियन दोघंही आहेत. असा मी बनवाबनवीचा माणूस. मला वाटायचं, अख्ख्या क्लबाला मी एकटा उल्लू बनवतोय. या मस्तीतच माझी सव्वीस वर्षं गेली.

आणि त्याच मस्तीत मी माझ्या पोरीलाही शिकवलं.

आम्ही राहतो हॉलच्या मागच्या खोलीत. बायको क्लबाच्या टॉवेलांना इस्त्री करते. आमच्या मुलीला सगळे भिंगरी म्हणतात, कारण ती लहानपणापासून एका जागी टिकलीच नाही. शटलचे रिकामे डबे रचून तिने पहिलं घर बांधलं, आणि आठव्या वर्षी सभासदांच्या पोरांसमोर रॅकेट घेऊन उभी राहिली. मी तिला पहिल्याच दिवशी गुरुमंत्र दिला: "शटलकडे बघू नकोस, समोरच्याच्या ओठांकडे बघ. ओठ आवळले की समजायचं, आता रडणार नाहीतर रॅकेट आपटणार. त्याच्या आत तीन पॉइंट देऊन टाकायचे."

पोरगी हुशार. महिन्याभरात माझ्यापेक्षा सफाईने हरायला लागली. मी घरी येऊन बायकोला सांगायचो, "अगं, काय सलामी देते! माझीसुद्धा अशी पडत नाही." बायको म्हणायची, "कौतुक करा. दुसऱ्याच्या पोरी पदकं आणतात, आपली हरायचं शिकून आली."

बिल्डरना एक मुलगी. भिंगरीपेक्षा चार महिन्यांनी लहान, पण भिंगरी तिला ताई म्हणते. आमच्याकडे सभासदाच्या पोटातलं बाळसुद्धा वयाने मोठंच असतं. मुलगी स्वभावाने चांगली. मला काका म्हणते. तिला बाहेरून कोच येतो, आणि कोचने दिलेले फटके तिने कोणावर मारून बघायचे? भिंगरीवर. नऊ वर्षं दोघी रोज खेळल्या. ताईचे शाळेतले सगळे कप त्या खेळातून आले. ताईचे जुने बूट भिंगरीला यायचे. अर्ध्या नंबरने मोठे. बायको पुढे कापूस भरून द्यायची.

गेल्या वर्षीची गोष्ट. दुसऱ्या शहरातल्या एका अकादमीच्या बाई ताईचा खेळ बघायला आल्या. पिकलेले केस, गळ्यात शिट्टी, बोलणं तुटक. तासभर बघत बसल्या. मग बिल्डरना म्हणाल्या, "तुमची मुलगी ठीक आहे. पण ही पलीकडची कोण?"

बिल्डर म्हणाले, "ती? ती मार्करची. प्रॅक्टिसला असते."

"हिचे पाय बघितलेत? कोर्टभर असते आणि आवाज येत नाही." बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. "माझ्याकडे एकच जागा आहे. दोघी सतरा वर्षांच्या, या वयानंतर मी घेत नाही. बारा दिवसांनी परत येते. दोघी मॅच खेळा. जिंकेल ती माझ्याबरोबर येईल."

त्या जागेत काय काय होतं ते ऐका. राहणं, खाणं, बूट, कॉलेज. आणि चार वर्षं नीट खेळली तर खेळाडू म्हणून कायमची नोकरी. टेबल-खुर्चीवाली. भिंगरीने हे ऐकलं तेव्हा ती जमीन पुसत होती. फडकं हातातच राहिलं.

बायको त्या दिवशी इस्त्री बाजूला ठेवून माझ्यासमोर येऊन बसली. म्हणाली, "अहो, वीस वर्षांत मी तुमच्याकडे काही मागितलं?"

"मागितलंस की. पंखा मागितलास, कपाट मागितलंस, मी तोंड बंद ठेवावं हेही मागितलंस."

"थट्टा नको. पोरीला या हॉलच्या बाहेर काढा. बाकी मला काही नको."

पहिली अडचण क्लबाची. नियम असा, की नोकराचं माणूस कोर्टावर उतरेल ते सभासदाला खेळवायला, स्वतःसाठी नाही. परवानगी सेक्रेटरींची. आता मी गरीब माणूस, लाच कुठून देणार? मी पॉइंटात लाच देतो. त्याच संध्याकाळी ओळीने तीन गेम सेक्रेटरींना असा हरलो, असा हरलो, की माझं मलाच वाईट वाटलं. एकवीस-एकोणीस सोडून एकवीस-अठरावर आलो. एका स्मॅशला तर जमिनीवर लोळलो. उठता उठता म्हटलं, "साहेब, हा मला दिसलाच नाही. नुसता आवाज आला."

सेक्रेटरी टॉवेलने मान पुसत म्हणाले, "मनगट आहे रे. हे उपजत लागतं. बोल, काय म्हणत होतास तुझ्या मुलीचं?"

"एक मॅच साहेब. अकादमीच्या बाई म्हणतायत म्हणून."

"बिल्डरांची हरकत नाही ना?"

"त्यांनीच हो म्हटलंय. म्हणाले, होऊन जाऊ दे, माझ्या मुलीला सराव होईल."

"मग होऊ दे. पण युनिफॉर्ममध्ये तू खुर्चीवर. स्कोअर तूच सांगायचास. बाहेरचा माणूस मला नको."

झाली परवानगी. मी उड्या मारत घरी. आता राहिलं एवढंच, की पोरीला जिंकायला शिकवायचं. म्हटलं, त्यात काय अवघड? मुद्दाम हरायला अक्कल लागते, जिंकायला काय, हात सोडायचा.

पहाटे सभासद यायच्या आधी आम्ही दोघं कोर्टावर. मी म्हटलं, "भिंगरे, आज बापाला फाडायचं. दया-माया नाही."

खेळायला लागलो. अकरा-अकरा. पंधरा-पंधरा. एकोणीस-एकोणीस. मी थांबलो. म्हटलं, "अगं, मला हरव ना!"

ती म्हणाली, "तुम्ही मारा ना बाबा जोरात, म्हणजे मला पण मारता येईल."

"मी मारतोच आहे."

"कुठे मारताय? सगळी माझ्या रॅकेटवर आणून देताय."

मी म्हटलं, थांब. शटल उंच आलं, मी दात-ओठ खाऊन रॅकेट उगारली, सव्वीस वर्षांचा सगळा राग खांद्यात गोळा केला, आणि हाणली. शटल टुणकन जाऊन तिच्या पुढ्यात पडलं. अगदी आदबीने. परत हाणली. परत आदबीने. दहा वेळा. शेवटी आम्ही दोघं खाली बसून पोट धरून हसलो. हसता हसता मला जाणवलं, की हे काही हसण्यासारखं नाही. मी समजत होतो, जिंकणं माझ्या खिशात पडलंय, हवं तेव्हा काढीन. खिसा चाचपला तर भोक.

पण पोरगी सतराची होती. तिचं हाड अजून ओलं होतं. मी डोकं चालवलं. कोर्टाच्या कोपऱ्यांत शटलचे रिकामे डबे उभे केले. म्हटलं, "माणूस समोर नाहीच असं समज. डबा पाड." डब्याला ओठ नसतात, डबा रुसत नाही. पोरीने डबे पाडायला सुरुवात केली. सहाव्या दिवशी दहातले सात, नवव्या दिवशी नऊ. शटल असं सुटायचं की डबा भिंतीवर जाऊन आपटायचा. ढण्ण! बायको मागच्या खोलीतून विचारायची, "काय फोडताय?" मी ओरडायचो, "नशीब!"

अकराव्या दिवशी मी मनात म्हटलं, गेली पोरगी. सुटली.

मॅचच्या दिवशी हॉल भरला होता. क्लबात काही नवं घडत नाही, त्यामुळे रविवारी सकाळी डॉक्टरसुद्धा आले. बिल्डर कोचला घेऊन पुढे. बाई एका स्टुलावर, वही उघडून. बायको दारात, हातात टॉवेलांची चवड, म्हणजे कोणी विचारलं तर कामाला आलीय. मी उंच खुर्चीवर. वरून पोरीचा भांग दिसत होता, आणि बुटातून डोकावणारा कापूस.

पहिला गेम काय सांगू! भिंगरीला समोर ताई दिसतच नव्हती, डबे दिसत होते. या कोपऱ्यात, त्या कोपऱ्यात. मी स्कोअर ओरडत होतो आणि माझा आवाज फुटत होता. एकवीस-चौदा. लोक आधी ताईसाठी टाळ्या वाजवत होते, मग गप्प झाले, मग डॉक्टरांनी एक जोरात टाळी वाजवली. भिंगरीसाठी नव्हे हो. बिल्डरांसाठी.

ताई टॉवेलात तोंड खुपसून बसली. बिल्डर कोचवर भडकले, "तुला कशासाठी ठेवलंय मी?"

दुसऱ्या गेममध्ये भिंगरी बारा-सहा पुढे. आणि एक स्मॅश सुटला तो ताईच्या गळ्याखाली लागला. लागला म्हणजे काय, पिसाचं शटल ते. पण आवाज झाला. भिंगरीने रॅकेट टाकली, नेटखालून वाकून पलीकडे गेली. "ताई, लागलं का हो? सॉरी ताई." शटल उचललं, पिसं सारखी केली आणि दोन्ही हातांनी ताईला दिलं.

पॉइंट भिंगरीचा. सर्व्हिस भिंगरीची. आणि शटल देतेय ताईला! बाईंनी मान वर करून बघितलं. मी वरून म्हटलं, "सर्व्हिस... या बाजूला." लोक हसले.

पण तेवढ्यात व्हायचं ते झालं होतं. ती जवळ गेली, तिने ताईचा चेहरा बघितला. ओठ आवळलेले. डब्याला पुन्हा तोंड फुटलं.

पुढचे तीन पॉइंट कसे गेले ते फक्त मला कळलं. एक जरासा बाहेर. एक नेटमध्ये. एक खांद्यावर. लोकांना वाटलं, ताई परत आली. टाळ्या. तीनाचे सहा झाले. मी खुर्चीवर बसून माझ्याच पोरीच्या विरुद्ध स्कोअर ओरडतोय आणि मनात म्हणतोय, डबे बघ गं, डबे बघ. एकवीस-एकोणीस. ताईचा गेम.

तिसऱ्या गेमच्या मध्यावर मला दिसलं, की पोरगी धापा टाकतेय. भिंगरी! दिवसभर खेळवली तरी जिचा श्वास चढत नाही ती. आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला. शटल ती उचलत होती. दर वेळी. तिच्या बाजूला पडलं तरी ती, ताईच्या बाजूला पडलं तरी नेटखालून जाऊन ती. बाहेर गेलेलं भिंतीपासून आणायचं काम तिचं. ताई उभी राहून घाम पुसायची, केस बांधायची, श्वास घ्यायची. एक मॅच ताई खेळत होती आणि दोन मॅच माझी पोरगी. नऊ वर्षं असंच चालत आलं होतं. कोणी सांगितलं नव्हतं. बारा दिवस मी तिच्या मनगटाच्या मागे होतो, कमरेचं मला सुचलंच नाही. कारण मी पण तेच करतो. सव्वीस वर्षांत एकाही साहेबाला मी खाली वाकू दिलेलं नाही.

खुर्चीवरचा माणूस काही बोलू शकत नाही. मी घसा खाकरला. डोळे मोठे केले. पोरीला वाटलं, बाबांना ठसका लागला.

बायकोला पण दिसलं असणार. एकोणीस-अठरा, भिंगरी पुढे. भिंगरीने मारलेलं शटल बोटभर बाहेर गेलं, ताईच्या मागच्या रेघेपलीकडे. एकोणीस-एकोणीस. भिंगरी सवयीने नेटखाली वाकली, आणि दारातून ओरडा आला:

"अगं उचलू नकोस! तिचं तिला उचलू दे!"

अख्खा हॉल मागे वळला. सेक्रेटरी म्हणाले, "अहो, शांतता!" बायको टॉवेलांच्या मागे तोंड लपवून उभी.

भिंगरी वाकलेली होती ती सरळ झाली. आपल्या बाजूला जाऊन उभी राहिली. कमरेवर हात ठेवून. तिला मी असं उभं राहिलेलं कधी बघितलं नव्हतं.

शटल पडलेलं. सर्व्हिस ताईची. ताईने हात पुढे केला होता, नेहमीसारखा, आता कोणीतरी आणून देईल म्हणून. माजाने नव्हे हो. तिला खरंच सुचत नव्हतं. तिने भिंगरीकडे बघितलं, मग शटलकडे, मग वडिलांकडे. बिल्डरांनी कोचकडे बघितलं. कोचने सेक्रेटरींकडे. हॉलमध्ये पंख्याचा आवाज. चार पावलांवर शटल पडलंय आणि शंभर माणसं वाट बघतायत, आता हे कसं उठणार.

सेक्रेटरींनी माझ्याकडे बघितलं. नुसतं बघितलं. भुवईसुद्धा हलवली नाही.

आणि मी खुर्चीवरून उतरलो.

शपथेवर सांगतो, मी ठरवलं नव्हतं. पाय उतरले. मी गेलो, वाकलो, शटल उचललं, पिसं सारखी केली, आणि दोन्ही हातांनी ताईला दिलं. ताई म्हणाली, "थँक यू, काका." मी परत खुर्चीवर चढलो तेव्हा मला कळलं मी काय केलंय. खाली बघितलं तर भिंगरी माझ्याकडे बघत होती. रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं. तिने कमरेवरचे हात काढले.

वीस-एकोणीस, ताई. पुढची रॅली लांबली. लोक उभे राहिले. आणि मग ताईचा एक साधा फटका आला, भिंगरीने जीव तोडून उचलला, शटल वर गेलं, सावकाश, बरोब्बर ताईच्या उजव्या खांद्यावर. आणि मला ऐकू आलं, "अरेरे!" शटल सुटतानाच. ना आधी, ना नंतर.

मी ओरडलो, "एकवीस-एकोणीस. गेम अँड मॅच." आवाज स्पष्ट आला. कामाची सवय.

टाळ्या थांबेनात. सगळे म्हणत होते, काय लढली पोरगी, थोडक्यात गेली. बिल्डरांनी स्वतः येऊन भिंगरीच्या पाठीवर थाप मारली. ताईने तिला मिठी मारली आणि रडली. खरं रडली. बाई वही मिटून माझ्याजवळ आल्या.

"हिला कोणी शिकवलं?"

"मीच, बाई."

"हं." त्यांनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं. मला वाटलं या बाईला सगळं कळलंय. "पाय माझ्याकडच्या कोणापेक्षा चांगले आहेत. पण शेवटी हात मागे घेते. सात-आठ वर्षांची असताना माझ्याकडे आली असती तर ते काढलं असतं. आता नाही निघत."

"बाई, एक महिना द्या मला. मी काढतो."

"तुम्ही?" बाई म्हणाल्या. वाईट बोलल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या आणि गाडीकडे गेल्या.

दुपारी भिंगरी खोलीत बसून बुटातला कापूस काढत होती. मी म्हटलं, "शेवटचं शटल मुद्दाम दिलंस का गं?"

"नाही बाबा."

"मग?"

तिने कापसाचा गोळा वळला. "तुम्ही खाली उतरलात ना, तेव्हा मला वाटलं मॅच संपली. मग मी कामाला लागले."

मला एक शिवी आठवली, स्वतःला द्यायला. पण बायको समोर होती. मी म्हटलं, "अगं, अजून काही बिघडलं नाही. पुढच्या वर्षी..."

"पुढच्या वर्षी काय?" बायको म्हणाली.

खरंच, काय? पुढच्या वर्षी अठरा. बाई सतरानंतर घेत नाहीत. मी दुसऱ्या दोन अकादम्यांना पत्रं लिहिली, डॉक्टरांकडून इंग्रजी तपासून घेतलं. एकाचं उत्तर आलं, फीचा तक्ता सोबत जोडून. तो तक्ता आम्ही नीट घडी घालून ठेवलाय. कशासाठी ते विचारू नका.

चार महिन्यांनी भिंगरी अठराची झाली आणि सेक्रेटरींनी मला बोलावलं. चेहरा असा, जसा बक्षीस द्यायला उभे आहेत.

"मार्कर, कमिटीत तुझ्या मुलीचा विषय निघाला. बिल्डरांनीच काढला. सकाळच्या लेडीज बॅचला मार्कर हवाच होता. पहिल्यांदाच आपण बाई मार्कर ठेवतोय. युनिफॉर्म क्लबाचा. काय म्हणतोस?"

मी काय म्हणणार? मी म्हटलं, "उपकार झाले, साहेब." आणि संध्याकाळी त्यांना एकवीस-एकोणीस हरलो.

भिंगरीला सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "सकाळी किती वाजता यायचं?" जसं काही ती दुसऱ्या गावाहून येणार होती.

पहिल्या दिवशी मी उगाचच नेट ताणायच्या निमित्ताने हॉलमध्ये थांबलो. निळा शर्ट, निळी पँट, खिशावर क्लबाचं चिन्ह. समोर बिल्डरांची बायको. त्या लेकीला नुकत्याच अकादमीत भेटून आल्या होत्या, आनंदात होत्या, आणि खेळाच्या नावाने आनंदच होता. भिंगरीने त्यांना असं खेळवलं, असं खेळवलं, की मॅडम पुन्हा विशीत गेल्या. दोन पॉइंटनी जिंकल्या. मी एवढी वर्षं हे काम करतोय, पण शपथ सांगतो, मला स्वतःला दोनदा वाटलं की पोरगी खरंच हरतेय.

मॅडम हाशहुश करत म्हणाल्या, "किती छान खेळतेस गं तू! मग पुढे का नाही गेलीस?"

भिंगरी शटल उचलत म्हणाली, "पुढे नेट होतं ना, मॅडम."

सगळ्या बायका खो-खो हसल्या. मॅडमनी तर डोळे पुसले. दुपारपर्यंत ते वाक्य कॅन्टीनमध्ये पोचलं, संध्याकाळी सेक्रेटरींनी मला ऐकवलं. "बापावर गेलीय रे!" म्हणाले. मी पण हसलो. चांगलाच हसलो, खांदे हलवून, हवं तेवढा वेळ.

खोलीवर येऊन बायकोला सांगितलं. तिने इस्त्री उभी करून ठेवली, ऐकून घेतलं, आणि खुंटीवरचा निळा शर्ट काढून खिडकीशी धरला.

"खांद्यात सैल होतोय तिला," म्हणाली. "सुई-दोरा द्या इकडे. आता रोजच घालायचाय."